मांजरीची एनआरएल : तपासणाऱ्यांची तपासणी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकले की मांजरी फार्म लागते. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथेच आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 18 जानेवारी 1997 रोजी हे केंद्र सुरू केले ते वेलीच्या अभ्यासासाठी. कोणता वाण कुठल्या खुंटावर धरायचा, खरड छाटणी कधी घ्यायची, क्षारपड जमिनीत पाणी कसे सांभाळायचे, केवडा आणि भुरी आटोक्यात कशी ठेवायची, असे प्रश्न तिथे हाताळले जायचे आणि आजही जातात. पण दिंडोरी-निफाडकडच्या किंवा तासगावच्या निर्यातदार बागायतदाराच्या तोंडी या केंद्राचे सर्वांत जास्त येणारे नाव आहे ‘एनआरएल’. राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा हे औषधांचे अवशेष तपासणाऱ्या इथल्या प्रयोगशाळेचे मराठी नाव कागदावर राहिले; बांधावर, पॅकहाऊसमध्ये आणि कृषी खात्याच्या बैठकीत सगळे एनआरएलच म्हणतात.

मी या प्रयोगशाळेत नोकरी केलेली नाही. अवशेष तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळांच्या गुणवत्ता विभागात माझी कारकीर्द गेली, आणि त्या प्रयोगशाळांवर देखरेख ठेवण्याचे काम एनआरएलकडे होते. त्यामुळे हा इतिहास मी बाहेरच्या माणसाच्या अंतराने आणि आतल्या माणसाच्या आस्थेने लिहितो आहे. इमारत कधी वाढली, यंत्र कधी आले याच्या तारखा संस्थेच्या वार्षिक अहवालांत आहेत. मला सांगायचे आहे ते वेगळे : कागदावर छापलेल्या एका आकड्यावर परक्या देशातल्या माणसाने विश्वास ठेवावा, यासाठी इथे काय काय करावे लागले.

द्राक्ष निर्यातीची सुरुवात भाबडी नव्हती. 1991 साली महाग्रेप्स उभी राहिली, महाराष्ट्रातल्या सहकारी द्राक्ष संस्थांचा माल एकत्रितपणे युरोपात जाऊ लागला आणि आपल्या बागायतदाराने फार थोड्या वर्षांत पुष्कळ आत्मसात केले. प्रीकूलिंग, शीतगृह, पेटीत घालायचे सल्फर डायऑक्साइडचे कागद, मण्याची फुगवण, साखर, घडाचा सुटसुटीतपणा, हे सगळे त्याने डोळ्यांनी आणि जिभेने तपासण्यासारखे होते. औषधांचे अवशेष मात्र दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत आणि घड धुतला तरी आतले जात नाहीत. तिकडे कुणी विचारेपर्यंत या बाजूला पुरेसे लक्ष गेले नाही.

2003 च्या हंगामाअखेरीस नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि अ‍ॅसिफेट या कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेबाहेर सापडले. युरोपची शीघ्र इशारा यंत्रणा अशी आहे की एका देशाने नोंद केली की ती सर्व सदस्य देशांना जाते. म्हणजे एका बंदरावरच्या काही पेट्यांचा प्रश्न एका दिवसात संपूर्ण भारतीय द्राक्षाचा प्रश्न होतो. तुमचाच आकडा चुकला असेल असे म्हणून भांडत बसण्याचा मार्ग तेव्हा मोकळा होता. पण भांडायलाही आपला आकडा लागतो, आणि तो समोरच्याला मान्य व्हावा लागतो. तसा आकडा देऊ शकणारी व्यवस्था आपल्याकडे नव्हती.

अपेडाने, म्हणजे कृषी व प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांच्या निर्यातीसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाने, 2003-04 च्या हंगामापासून अवशेष संनियंत्रणाची योजना लागू केली. तिला सगळे आरएमपी म्हणतात. योजनेचा गाभा असा की युरोपला जायचा माल ज्या बागेतून निघणार ती बाग आधी कृषी खात्याकडे नोंदवायची. काढणीपूर्वी नेमलेल्या प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन सॅम्पल घेणार. त्याचा अहवाल पास झाला तरच माल पुढे सरकणार. या सगळ्या नेमलेल्या प्रयोगशाळांच्या वर संदर्भ प्रयोगशाळा म्हणून मांजरीची निवड झाली. डॉ. पी. जी. अडसुळे त्या जडणघडणीच्या वर्षांत केंद्राचे संचालक होते, आणि प्रयोगशाळेची शास्त्रीय धुरा डॉ. कौशिक बॅनर्जी यांनी वाहिली. पुढे ते केंद्राचे संचालकही झाले.

संदर्भ प्रयोगशाळेचे काम लोकांना अनेकदा नीट उमगत नाही. वाटते की तिथे जास्त महागडे यंत्र असेल, म्हणून शेवटचा शब्द तिचा. यंत्र लागतेच. पण कोणती रसायने तपासायची याची यादी ठरवणे, ती कुठल्या पद्धतीने तपासायची हे स्वतः करून सिद्ध करणे, इतर प्रयोगशाळांच्या माणसांना ते शिकवणे, त्यांची अचानक परीक्षा घेणे आणि त्यांच्या अहवालांवर सतत डोळा ठेवणे, हे तिचे खरे काम आहे. आणि हे करताना स्वतःलाही तितक्याच कडक परीक्षेला बसवणे. माझ्या मते एनआरएलचे सर्वांत मोठे योगदान या शेवटच्या गोष्टीत आहे, कारण वरच्या जागेवर बसलेल्या संस्थेला ती टाळणे सर्वांत सोपे असते.

मोजायचे किती ते आधी पाहू. युरोपात पुष्कळ रसायनांसाठी द्राक्षातली मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असते. ज्याला वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला 0.01 लागू होते. 0.05 म्हणजे वीस टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. 0.01 म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम. हे एक ग्रॅम शोधायचे, तेही शेकडो वेगवेगळ्या रसायनांतून नेमके ओळखून. अमेरिकेच्या विल्यम हॉर्विट्झ यांनी प्रयोगशाळांच्या एकत्रित अभ्यासांचे असंख्य निकाल तपासून 1980 मध्ये एक गोष्ट दाखवून दिली : मोजायचे प्रमाण जितके सूक्ष्म, तितकी प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतली तफावत वाढत जाते, आणि ती एका ठरावीक चालीने वाढते. प्रमाण शंभरपटीने घटले की तफावत दुप्पट. दशलक्षांत एक भाग या पातळीवर ती 16 टक्क्यांच्या आसपास असते, त्याच्या शंभराव्या भागावर 32 टक्के. यात कुणाची हयगय नसते. सूक्ष्म मापनाचा स्वभावच तसा आहे. म्हणून ‘चांगले यंत्र आणले, लॅब झाली’ ही समजूत या क्षेत्रात महागात पडते. यंत्र नेहमीच काही तरी आकडा देते. तो कशाच्या भरवशावर मानायचा, हा प्रश्न यंत्राच्या बाहेरचा आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जगभर एक मानक वापरले जाते, आयएसओ/आयईसी 17025. त्याची पूर्वज आयएसओची मार्गदर्शिका 25 ही 1978 मधली. 1999 मध्ये तिचे मानक झाले, 2005 आणि 2017 मध्ये सुधारणा झाल्या. भारतात या मानकानुसार मान्यता देण्याचे काम एनएबीएल करते. 2000 साली एनएबीएल आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यतेच्या करारात सामील झाली, म्हणजे तिने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल बाहेरच्या देशांनी मानावा यासाठी पाया तयार झाला. 2003 ची अडचण आली तेव्हा हा पाया तीनच वर्षांचा होता. आरएमपीने नेमलेल्या प्रयोगशाळांना ही मान्यता आवश्यक ठरली आणि एनआरएलही त्याच मान्यतेखाली आली.

मानक वाचायला कोरडे आहे. प्रत्यक्षात ते कसे दिसते ते एका सॅम्पलच्या मागे जाऊन पाहिले तर कळते.

प्रयोगशाळेचा माणूस बागेत येतो. नोंदणी क्रमांकावरून प्लॉट तोच असल्याची खात्री करतो. कडेच्या वेली सोडून तो ओळींमधून वळत वळत फिरतो, मांडवाच्या दोन्ही अंगांचे, वरचे-खालचे, सावलीतले-उन्हातले लहान घड कापतो. चांगले तेवढे निवडून घेत नाही आणि खराब तेवढेही नाही. पिशवीला सील, त्यावर त्याची आणि बागायतदाराची सही, मग थंड पेटीत. इथे गडबड झाली तर पुढे कोटीचे यंत्रही काही सुधारू शकत नाही. सॅम्पल गेल्यावर त्या प्लॉटवर पुन्हा औषध मारले तर आलेला अहवाल त्या द्राक्षाचा उरतच नाही, आणि हे बागायतदाराला समजावून सांगणे हेदेखील आम्ही गुणवत्तेच्या कामात धरत आलो.

प्रयोगशाळेत आल्यावर सॅम्पलचे नाव-गाव काढून त्याला कोड मिळतो. यंत्रावर बसलेल्या मुलीला किंवा मुलाला हा कुणाचा माल, निर्यातदार कोण, कंटेनर कुठे अडकून बसला आहे, यातले काही कळता कामा नये. सगळे सॅम्पल एकजीव वाटले जाते. मग त्यातले दहा ग्रॅम. त्यावर दहा मिलिलिटर इथाइल अ‍ॅसिटेट आणि पाणी ओढून घेण्यासाठी सोडियम सल्फेट. फिरवायचे, गाळसाळ बसवायची, वरचा द्रव शुद्ध करायचा आणि यंत्राकडे पाठवायचा.

पण ते सॅम्पल एकटे जात नाही. त्याच बॅचमध्ये औषध न मारलेल्या द्राक्षाचा ब्लँक असतो. त्यात काही दिसले तर काच, द्रावक किंवा हवा कुठे तरी दूषित आहे. दुसऱ्या ब्लँकमध्ये माहीत असलेल्या प्रमाणात औषधे मुद्दाम घालून तो पहिल्यापासून सगळ्या पायऱ्यांतून नेतात. घातलेल्यापैकी किती परत मिळाले ती रिकव्हरी; युरोपच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सरासरी 70 ते 120 टक्क्यांत असावी लागते. स्टँडर्डचे द्रावणही नुसत्या द्रावकात चालत नाही, द्राक्षाच्याच अर्कात करावे लागते, कारण द्राक्षातली साखर, आम्ले, काळ्या वाणातले रंगद्रव्य हे सारे यंत्राच्या तोंडाशी औषधाचा संदेश दाबून टाकतात आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. रिकव्हरीचा प्रत्येक आकडा कंट्रोल चार्टवर एका ठिपक्याच्या रूपाने चढतो. ठिपके मधल्या रेषेच्या एकाच बाजूला ओळीने पडू लागले तर प्रत्येक ठिपका मर्यादेत असूनही काम थांबवायचे असते. स्टँडर्ड जुने होत आहे, पिपेट ढिले पडले आहे, माणूस बदलला आहे, काही तरी सरकले आहे. हंगामाच्या ऐन भरात, पॅकहाऊसमधून फोनवर फोन येत असताना, सगळे आकडे पास असूनही बॅच थांबवणारा गुणवत्ता व्यवस्थापक हा माझ्या लेखी या व्यवसायातला खरा कसोटीचा माणूस.

द्राक्षासाठीची इथाइल अ‍ॅसिटेटची ही पद्धत मांजरीत घडली, तपासली गेली आणि 2007 साली ‘जर्नल ऑफ क्रोमॅटोग्राफी ए’ मध्ये प्रसिद्ध झाली. 82 कीटकनाशकांसाठीची ही पद्धत होती. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच पद्धतीच्या प्रमाणीकरणाबरोबर अनिश्चिततेच्या विश्लेषणाचा उल्लेख आहे, आणि मला त्याचे विशेष वाटते. अमुक एवढे औषध सापडले हे सांगणाऱ्यांना आपल्या आकड्यात कुठल्या पायरीवर किती डगमग आहे हेही त्याच दमात सांगायचे होते. नेमलेल्या प्रयोगशाळांना हाताशी अशी पद्धत मिळाली की जिचे सगळे कच्चे दुवे आधीच उघडे करून ठेवले होते.

सगळी औषधे मात्र या एका गाळणीतून जात नाहीत. केवड्यासाठी बागायतदार ज्यावर सर्वाधिक विसंबतो ते मँकोझेब घ्या. ते आणि त्याच्या कुळातली औषधे मूळ रूपात अशी काढताच येत नाहीत. म्हणून सॅम्पल आम्ल आणि स्टॅनस क्लोराइडबरोबर तापवतात, त्यातून कार्बन डायसल्फाइड निघतो आणि तो मोजतात. म्हणजे अहवालात येणारा आकडा संपूर्ण कुळाचा. त्यातले मँकोझेब किती आणि प्रोपिनेब किती हे तो सांगू शकत नाही. बागायतदार भांडायला येतो, की मी तर अमुकच मारले होते. त्याचे म्हणणे खरे असू शकते आणि अहवालही खरा असू शकतो.

सगळी औषधे एका गाळणीतून जात नाहीत, अहवालाच्या या उणिवेची सर्वांत मोठी किंमत 2010 मध्ये मोजावी लागली.

तोवर व्यवस्था चांगली बसली होती. 2006-07 च्या सुमारास ग्रेपनेट आले. बागेची नोंदणी, सॅम्पल, तपासणीचा अहवाल, अ‍ॅगमार्क, रोगमुक्ततेचा दाखला अशी सारी साखळी संगणकावर एकमेकींत गुंफली गेली, आणि पेटीवरच्या क्रमांकावरून माल कुठल्या प्लॉटचा हे कळू लागले. प्रयोगशाळेने अहवाल थेट प्रणालीत भरायचा; आकडा मर्यादेबाहेर असला की अंतर्गत इशारा निघायचा आणि त्या प्लॉटचा माल युरोपसाठी अडायचा. अहवाल ‘सांभाळून’ देण्याची सोय बंद झाली, हा ग्रेपनेटचा फारसा न बोलला गेलेला उपकार. जिथे ग्राहकच तपासणीचे पैसे देतो तिथे निःपक्षपातीपणा नुसत्या शपथपत्रावर टिकत नाही, त्याला अशी रचना लागते.

आणि तरीही 2010 च्या हंगामात युरोपच्या बंदरांवर भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. कारण होते क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागेत सगळे सीसीसी म्हणतात. हे कीटकनाशक नाही, बुरशीनाशकही नाही. छाटणीनंतर शेंडा पळू नये, काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून वापरायचे वाढनियंत्रक. आपल्याकडे त्याचा वापर रीतसर होता, वर्षानुवर्षांचा होता. ते वेलीत टिकून राहते आणि मण्यापर्यंत पोचते. युरोपची मर्यादा होती 0.05, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतेच. ज्या प्लॉटचा अहवाल पास होता त्याच प्लॉटची द्राक्षे तिकडे नापास झाली.

रसायनाच्या बाजूने पाहिले तर हे आणखी बोलके आहे. सीसीसी हा क्षार आहे, पाण्यात मनसोक्त विरघळणारा. इथाइल अ‍ॅसिटेटने द्राक्षाचा अर्क काढला की तो पाण्याच्या बाजूलाच राहतो, अर्कात येतच नाही. म्हणजे त्या अर्कावर कितीही संवेदनशील यंत्र चालवले तरी ते दिसणार नव्हते. त्याला वेगळा अर्क लागतो, आम्ल घातलेल्या मेथॅनॉलसारख्या द्रावकाचा, आणि यंत्रावरही वेगळी मांडणी. ब्लँक स्वच्छ, रिकव्हरी उत्तम, कंट्रोल चार्ट सरळ, आणि तरीही ग्राहकाला हवे असलेले उत्तर हाती नाही, असे होऊ शकते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर गुणवत्ता व्यवस्था देत नाही.

त्या वर्षी बागायतदारांचे फार नुकसान झाले. कर्ज काढून बाग जपलेल्या, सांगितलेले सगळे नियम पाळलेल्या माणसाला ‘तुमच्या मालात एक असे काही निघाले जे आम्ही तपासलेच नव्हते’ हे सांगणे काय असते, ते त्या हंगामात या व्यवसायातल्या प्रत्येकाने अनुभवले. त्या हंगामाने एनआरएलच्या कामाची दिशा बदलली असे मी मानतो. सीसीसी यादीत आले, त्याची स्वतंत्र पद्धत बसली, नेमलेल्या प्रयोगशाळांना ती करून दाखवावी लागली. पण त्याहून महत्त्वाचे हे की यादी ही एकदा करून ठेवायची गोष्ट न राहता दर हंगामाचे काम झाली. युरोपात कुठल्या रसायनाची मर्यादा खाली आली, बागेत नवे काय वापरले जाते, शिफारस नसलेले काय दुकानातून चालले आहे, वाढनियंत्रक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत आणखी काय असते, हे सगळे यादीत उतरवावे लागते. बागायतदारांत ‘अनेक्झर 5’ आणि ‘अनेक्झर 9’ हे शब्द रुळले ते यातूनच. पहिल्यात वापरायला शिफारस केलेली औषधे, मात्रा आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते. दुसऱ्यात तपासायच्या रसायनांची यादी. पिंपळगावच्या कृषी सेवा केंद्रात उभा राहून एखादा तरुण बागायतदार बाटलीवरचे तांत्रिक नाव मोबाइलवरच्या अनेक्झर 5 शी ताडून पाहतो, तेव्हा प्रयोगशाळेचे निम्मे काम बाटली बागेत येण्याआधीच झालेले असते.

आता अनिश्चिततेविषयी, कारण यावरून आजही गैरसमज होतात. युरोपातल्या सरकारी यंत्रणा कारवाई करताना मोजणीत 50 टक्के अनिश्चितता धरतात. मर्यादा 0.05 आहे आणि त्यांचा आकडा 0.06 आला, तर खरे प्रमाण 0.03 ते 0.09 यांत कुठेही असू शकते असे ते मानतात. खालचे टोक मर्यादेच्या आत आहे, म्हणून तो माल त्यांच्या कायद्याने दोषी ठरत नाही. आकडा 0.10 च्या पुढे गेला तर मात्र सुटका नाही. काही निर्यातदार हा हिशेब ऐकून खूश होतात आणि आपल्या प्रयोगशाळेनेही ही सूट द्यावी म्हणतात. तशी सूट देणे गैर आहे. शंकेचा फायदा आरोप करणाऱ्याने द्यायचा असतो, ज्याला माल पाठवायचा आहे त्याने तो आधीच स्वतःला घेऊन टाकायचा नसतो. उलट, इथे 0.04 आलेला माल तिथे 0.06 मोजला जाऊ शकतो. त्यातही जर्मनीतल्या काही दुकानसाखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशावरच माल घेतात. तेव्हा आपली रेघ मर्यादेच्या बरीच अलीकडे आखणारा बागायतदारच निश्चिंत झोपतो.

नेमलेल्या प्रयोगशाळांसाठी एनआरएलची सर्वांत धाकाची बाब म्हणजे प्रावीण्य चाचणी, आमच्या बोलीत पीटी. मांजरीहून सर्वांना एकसारखे वाटलेले सॅम्पल यायचे. त्यात काय आणि किती घातले आहे ते फक्त तिकडे माहीत. ठरलेल्या मुदतीत उत्तर कळवायचे, मग झेड-स्कोअर लागायचा. प्रमाण 0.100 असेल आणि तफावतीसाठी 25 टक्क्यांचे माप धरले असेल, तर 0.150 सांगणाऱ्याचा स्कोअर 2 येतो. दोनपर्यंत समाधानकारक, दोन ते तीन संशयास्पद, तीन किंवा त्यापुढे नापास. 0.060 सांगणारी प्रयोगशाळाही उणे 1.6 घेऊन पास होते. बाहेरच्या माणसाला हे धक्कादायक वाटते, पण हॉर्विट्झ यांनी दाखवलेले वास्तव ते हेच. खरा गुन्हा समजला जातो तो घातलेले औषध न सापडणे, किंवा न घातलेले सापडले म्हणून सांगणे.

एका पीटीत आमच्या यंत्रविभागाचा स्कोअर एका रसायनावर दोनच्या वर गेला. हिशेब तपासला, बरोबर. यंत्र तपासले, बरोबर. शेवटी कारण निघाले ते स्टँडर्डच्या कुपीत : उणे 20 अंशांतून काढून ती खोलीच्या तापमानाला येण्याआधीच उघडली जात होती, आणि थंड द्रावकाचे आकारमान कमी भरते. घेतलेला थेंब समजल्यापेक्षा जास्त तीव्र. एवढीशी सवय, आणि तिने सगळ्या बॅचचा आकडा एका बाजूला झुकवला होता. त्यानंतर कुपी बाहेर काढल्याची आणि उघडल्याची वेळ वेगवेगळी लिहायचा रकाना नोंदवहीत आला. सुधारात्मक कार्यवाही म्हणतात ती अशी दिसते. तिथे ‘कर्मचाऱ्यास समज देण्यात आली’ असे लिहून फाइल बंद करणाऱ्या प्रयोगशाळेत तीच चूक पुढच्या वर्षी दुसऱ्या माणसाच्या हातून होते.

नोंदवहीवरून आठवले. नव्या मुलांना वाटते की एनएबीएलचे कागद म्हणजे कारकुनी. खाडाखोड करायची नाही, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची जेणेकरून तो वाचता येईल, शेजारी सही-तारीख टाकायची, पांढरी शाई चालणार नाही. हे सगळे त्यांना जाच वाटते. त्यांना मी अमेरिकेच्या इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या प्रयोगशाळेची हकिगत सांगत असे. औषधे आणि कीटकनाशके प्राण्यांवर तपासून देणारी ही बडी संस्था. 1976 मध्ये तिथल्या नोंदी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासनिसांनी पाहिल्या तेव्हा न झालेल्या निरीक्षणांचे आकडे लिहिलेले निघाले. तिच्या अभ्यासांवर विसंबून मंजूर झालेल्या कित्येक कीटकनाशकांचा पुन्हा विचार करावा लागला. त्यातून 1978 मध्ये तिथे उत्तम प्रयोगशाळा आचाराचे, म्हणजे जीएलपीचे नियम आले. भारतानेही 2002 साली त्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरण नेमले. द्राक्षातली जी मर्यादा आपण पाळतो ती अशाच विषारीपणाच्या अभ्यासांवर ठरते. तिथला कागद खोटा असेल तर आपल्या यंत्रावरचा खरा आकडाही कुणाचे रक्षण करत नाही.

द्राक्षात बसलेली ही घडी पुढे डाळिंबाला, आंब्याला, भाज्यांना लागू झाली. अनारनेट, मँगोनेट, व्हेजनेट अशी नावे येत गेली आणि नंतर सगळे हॉर्टीनेटखाली एकत्र आले. प्रत्येक फळाचा स्वभाव वेगळा, त्यामुळे प्रत्येकासाठी पद्धत नव्याने सिद्ध करावी लागते. डाळिंबाच्या सालीतले टॅनिन द्राक्षाच्या पद्धतीला दाद देत नाही. एकीकडे यादीतली रसायने शेकड्यांत गेली, दुसरीकडे यंत्रांची संवेदनशीलता वाढली. आज एका दिवसात जे होते त्याला पूर्वी आठवडा लागायचा. माणसे मात्र तितक्या वेगाने तयार होत नाहीत. क्रोमॅटोग्रामवरची दोन शिखरे एकमेकांत मिसळली आहेत की शिखर एकच आहे, हे सॉफ्टवेअरने सांगितलेले आंधळेपणाने न मानता डोळ्यांनी पाहून ठरवणारी नजर दोन-तीन हंगाम घासल्याशिवाय येत नाही. मांजरीच्या प्रशिक्षणांतून अशी नजर असलेली मुले-मुली खासगी प्रयोगशाळांत गेली, आणि त्यांच्यामुळे नाशिक-पुण्याच्या बाहेरही ही शिस्त पोचली. या संस्थेच्या इतिहासात यंत्रांच्या यादीआधी या लोकांचा उल्लेख यायला हवा.

एक गोष्ट अजून व्हायची आहे आणि ती या स्मरणिकेत नोंदवणे मला गरजेचे वाटते. महाराष्ट्रात पिकणाऱ्या द्राक्षांचा मोठा हिस्सा देशातच खाल्ला जातो. त्या द्राक्षाला प्लॉटनिहाय सॅम्पल नाही, ग्रेपनेटसारखी साखळी नाही. मर्यादा देशातही ठरलेल्या आहेत, त्या पाळल्या जातात की नाही हे तुरळक नमुन्यांवरून पाहिले जाते. रॉटरडॅमच्या मुलाच्या हातातला घड जितक्या काळजीने तपासला जातो तितक्याच काळजीवर तासगावच्या मुलाचाही हक्क आहे. सुरुवात करणे अशक्य नाही. पद्धती तयार आहेत, प्रयोगशाळा आहेत, शिकलेली माणसे आहेत, आणि निर्यातीचा हंगाम संपल्यावर यातली बरीच यंत्रे डाळिंबाच्या आणि भाज्यांच्या सॅम्पलपुरतीच चालतात. पिंपळगाव, तासगाव, नारायणगाव अशा दोन-तीन बाजारांतून जानेवारी ते एप्रिल दर आठवड्याला ठरावीक सॅम्पल घ्यावीत, ती निर्यातीच्याच यादीवर तपासावीत, निकाल गावाच्या नावाने न छापता रसायनाच्या नावाने बागायतदारांपुढे ठेवावेत, आणि पुढच्या छाटणीआधी कृषी खात्याने त्यावर मेळावे घ्यावेत. यासाठी लागणारा खर्च एका निर्यात हंगामाच्या तपासणीखर्चाच्या तुलनेत थोडा असेल, आणि त्याची आखणी करायला मांजरीइतकी योग्य जागा दुसरी नाही.